हंगाम उघडण्याआधी: जुना फोन काढून इंटरनेट कॉलिंग बसवायचा नेमका क्रम

इंटरनेटवरचा फोन बसवणं अवघड नाही. तो चुकीच्या क्रमाने बसवणं मात्र फार सोपं आहे. बहुतेकांचा क्रम असा असतो: आधी छान दिसणारे फोनसंच घ्यायचे, मग जुन्या कंपनीला फोन करून लाइन बंद करायला सांगायची आणि शेवटी नव्या कंपनीला विचारायचं, "आमचा जुना नंबर इकडे येईल ना?" बंद झालेला नंबर सहसा येत नाही. वर्षानुवर्षं ग्राहकांच्या वहीत, फलकावर आणि जुन्या पत्रकांवर असलेला नंबर अशा एका फोनवर जातो.

वर्षभर चालणाऱ्या दुकानाची चूक आठवड्याभरात निस्तरता येते. तुमचा सगळा गल्ला तीन-चार महिन्यांत भरत असेल, तर तो आठवडाच महाग पडतो. म्हणून हा लेख क्रमावर आहे. कुठली कंपनी चांगली, कुठला फोन देखणा, हे इथे सापडणार नाही.

## आधी कॅलेंडर, मग काम

हंगामाचा पहिला दिवस कागदावर लिहा आणि तिथून उलटं मोजा. किमान बारा आठवडे आधी सुरुवात हवी. प्रत्यक्ष काम इतकं नसतं, पण जिथे जुना नंबर नव्या कंपनीकडे नेता येतो, तिथेही तो हलवायला काही दिवसही लागतात आणि काही आठवडेही. अर्ज एकदा परत आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हंगामाच्या चार आठवडे आधीपर्यंत नंबर हलला नसेल, तर तो विषय हंगाम संपेपर्यंत बाजूला ठेवायचा. तेवढे महिने जुन्या लाइनवर काढा, काही बिघडत नाही.

इशारा: बिगरहंगामात जुनी लाइन "तात्पुरती स्थगित" करून ठेवायची सवय अनेकांना आहे. स्थगित नंबर हलवायचा अर्ज बहुधा नाकारला जातो. अर्जाआधी लाइन पुन्हा चालू करून घ्या आणि तिच्यावर एक कॉल येतोय आणि एक जातोय, हे बघा.

## टप्पा १: तारेला काय-काय लटकलंय ते शोधा

यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. बिलावर चार लाइन दिसतात, म्हणजे चार फोन असं नसतं. वही आणि टॉर्च घ्या. तार इमारतीत जिथून येते तिथून सुरू करून प्रत्येक जोडी कुठे जाते ते बघत चला.

एका हंगामी निवासाच्या जागी मी हेच करत होतो. ईपीएबीएक्सच्या, म्हणजे आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनना जोडणाऱ्या यंत्राच्या मागे, कोळिष्टकांत एक राखाडी डबी होती. तिच्यावर मार्करने लिहिलेलं, "काढू नये". कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणालाच ठाऊक नव्हतं. मालक म्हणाले, काढून टाका, कोणी वापरत नाही. तार धरून मागे गेलो तर ती पंपघरात पोचली. पाण्याची पातळी घसरली की व्यवस्थापकाला आपोआप फोन करणारं यंत्र तिथे बसवलेलं होतं. ती जोडी तोडली असती, तर कळलं असतं ऐन हंगामात, नळ कोरडे पडल्यावर.

हमखास लपलेल्या गोष्टी या:

- आगीची किंवा चोरीची घंटा, जी फोन करून सूचना देते
- लिफ्टमधला आपत्कालीन फोन
- फॅक्स
- फोनच्या तारेवर चालणारं जुनं कार्ड मशीन
- फाटकावरचा इंटरकॉम
- त्याच तारेवरून येणारं इंटरनेट

शेवटची ओळ पुन्हा वाचा. तुमचं ब्रॉडबँड जुन्या टेलिफोनच्या तारेवरून येत असेल आणि तुम्ही त्या लाइनचा नंबर हलवलात, तर अनेक ठिकाणी लाइनसोबत इंटरनेटही बंद पडतं. म्हणजे नवा फोन ज्याच्यावर चालणार, तेच जातं. असं असेल तर आधी वेगळं इंटरनेट घ्या, ते महिनाभर वापरून बघा, मगच नंबराला हात लावा.

घंटा, लिफ्ट आणि कार्ड मशीन मोडेमच्या सुरांवर बोलतात. इंटरनेट कॉलिंगमध्ये आवाज तुकड्यांत कापून पाठवला जातो. माणसाच्या कानाला त्यातला एखादा तुकडा हरवल्याचं कळत नाही, मोडेमला कळतं. त्यामुळे "एखाद-दोनदा चाललं" याला काही अर्थ नाही. ही यंत्रं पुरवणाऱ्यांना विचारा, ती थेट इंटरनेटवर किंवा मोबाइल सिमवर नेता येतात का. उत्तर येईपर्यंत त्यांच्यासाठी एक जुनी लाइन ठेवा. फॅक्सला टी.३८ नावाची सोय मदत करते, पण ती दोन्ही बाजूंना असावी लागते. खरं तर स्कॅन करून मेल पाठवणं बरं.

तपासणी: वहीत प्रत्येक लाइनपुढे तीन रकाने भरलेले हवेत: नंबर, त्यावर काय आहे, त्याचं पुढे काय करायचं. तिसऱ्या रकान्यात "बघू" असेल तर हा टप्पा झाला नाही.

## टप्पा २: एकाच वेळी किती कॉल, याचा हिशोब

"आमच्याकडे तीन लाइन होत्या, तीनच द्या." हे वाक्य नवी कंपनी आनंदाने ऐकते. तुम्ही मात्र ते म्हणू नका. तीन लाइन होत्या म्हणून तुम्हाला तीनच कॉल घेता आले. चौथ्याला व्यस्त सूर ऐकू आला आणि तो दुसरीकडे गेला. त्याची नोंद तुमच्याकडे नाही.

मागच्या हंगामातला सगळ्यात गर्दीचा तास घ्या. समजा त्या तासात साठ कॉल येतात आणि सरासरी कॉल तीन मिनिटांचा. साठ गुणिले तीन म्हणजे १८० मिनिटं, भागिले ६०, म्हणजे सरासरी तीन कॉल सतत चालू. टेलिफोनवाल्यांच्या भाषेत हे तीन अर्लांग. एका वाटेवर एका वेळी एकच कॉल चालतो. सरासरी तीन, म्हणून तीन वाटा पुरतील असं वाटतं आणि सगळे इथेच फसतात. कॉल रांगेत शिस्तीने येत नाहीत, घोळक्याने येतात. अर्लांगच्या सूत्राने हिशोब असा बसतो:

- ३ वाटा: साधारण ३५ टक्के कॉल परत जातात
- ४ वाटा: साधारण २१ टक्के, म्हणजे दर पाचातला एक
- ७ वाटा: २ टक्क्यांच्या आसपास
- ८ वाटा: १ टक्क्याहून कमी

आता हाच धंदा बिगरहंगामात बघा. तासाला सहा कॉल, तेवढ्याच लांबीचे. तिथे तीन वाटांमध्ये हजारातले तीन-चार कॉल परत जातात. म्हणजे तुम्हाला वर्षभर आठ वाटांचे पैसे भरायचे नाहीत, आठ आणि तीन यांच्यात ये-जा करता येणारा करार हवा आहे. कंपनी निवडताना पहिला प्रश्न हाच.

वाटा आणि माणसं यांत गल्लत नको. आठ वाटा घेतल्या आणि फोन उचलायला दोघंच असली, तर उरलेले सहा जण रांगेत संगीत ऐकणार. तेही व्यस्त सुरापेक्षा बरं, पण त्याला मर्यादा आहे.

## टप्पा ३: इंटरनेट मोजा, तेही गर्दीत

वेगाची भीती बाळगू नका. आवाज पाठवायच्या नेहमीच्या जी.७११ पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण ८७ किलोबिट प्रति सेकंद लागतात. आठ कॉलना जेमतेम ७०० किलोबिट. कुठल्याही बऱ्या जोडणीत एवढं सहज मावतं.

बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. संध्याकाळी पाहुणे दिवसभराचे व्हिडिओ इंटरनेटवर चढवत असतात. वर जाणारी वाट तुंबते आणि तुमचा आवाज त्यांच्या व्हिडिओंच्या मागे रांगेत उभा राहतो. समोरच्याचं तुम्हाला स्वच्छ ऐकू येतं, तुमचं त्याला तुटक-तुटक जातं. रिकाम्या जागेत, भर दुपारी वेग मोजला तर हे दिसणारच नाही.

म्हणून चाचणी अशी करा. एका संगणकावरून मोठी फाइल वर चढवायला लावा आणि ती चालू असतानाच दुसऱ्यावरून आवाजाची चाचणी घ्या. बघायचे आकडे तीन:

- एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत
- उशिरातला चढउतार, म्हणजे जिटर, ३० मिलिसेकंदांच्या आत
- हरवणारे तुकडे १ टक्क्याच्या आत

आकडे बाहेर गेले तर जास्त वेगाची योजना घेण्याआधी राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य द्या आणि पाहुण्यांच्या वायफायला वर चढवण्याची मर्यादा घाला. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

राउटरमध्येच "सिप एएलजी" नावाचा एक खटका असतो, अनेकांत आधीपासून चालू. तो बंद करा. मदत करायच्या नावाखाली तो कॉलचे पत्ते मध्येच बदलतो आणि मग एका बाजूचा आवाज गायब होतो. राउटर इंटरनेट कंपनीचा असेल आणि खटका सापडत नसेल, तर त्यांच्याकडून बंद करून घ्या किंवा स्वतःचा राउटर लावा.

तपासणी: हे मोजमाप तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या. त्यातली एक संध्याकाळ असावी.

## टप्पा ४: वीज गेली तर?

जुन्या साध्या फोनला वेगळी वीज लागत नव्हती. ती तारेतूनच यायची. नव्याला राउटर, इंटरनेटचा डबा, स्विच (एका केबलीवर अनेक यंत्रं जोडणारा डबा) आणि फोनसंच, सगळ्यांना वीज हवी. राउटरला यूपीएस लावून वरच्या मजल्यावरचा स्विच विसरलेली माणसं मी पाहिली आहेत. वायर धरून फोनपासून बाहेरपर्यंत जा आणि वाटेत लागेल तो प्रत्येक डबा यूपीएसवर घ्या. छोट्या मांडणीला ४०-५० वॉट पुरतात. त्यावरून किती तासांची बॅटरी हवी ते काढा.

त्यापुढची पायरी म्हणजे नव्या सेवेत एक नियम घालून ठेवायचा: आपले फोन जाळ्यावर दिसेनासे झाले, की कॉल आपोआप अमुक दोन मोबाइलवर जावेत. हा नियम कंपनीच्या सर्व्हरवर असतो, त्यामुळे तुमच्याकडे पूर्ण अंधार असला तरी चालतो.

इशारा: इंटरनेट फोनवरून आपत्कालीन सेवेला लावलेला कॉल बऱ्याचदा नोंदवलेल्या पत्त्याशी जोडला जातो. कार्यालय एकीकडे आणि शिबिराची जागा दुसरीकडे असेल तर पत्ता जागेचा घाला. आणि वीज गेल्यावर कोणता मोबाइल वापरायचा, तो कुठे ठेवलाय, हे भिंतीवर लिहा.

## टप्पा ५: कंपनीला विचारायचे प्रश्न

सर्व्हर स्वतःकडे ठेवायचा की कंपनीकडचा भाड्याने घ्यायचा? हंगामी धंद्याने भाड्याचा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत. आठ महिने कुलूपबंद राहणाऱ्या जागेत सर्व्हर ठेवला, तर त्याला अद्ययावत कोण ठेवणार?

प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरंही लेखी घ्या. आकारणी माणशी आहे की वाटांवर? बिगरहंगामात संख्या कमी केली तर दंड आहे का, आणि किती दिवस आधी सांगावं लागतं? संख्या कमी केल्यावर आवाजी संदेश आणि मांडणी जपली जाते की पुसली जाते? आमचा नंबर उद्या आम्हाला दुसरीकडे न्यायचा असेल तर काय? "अमर्याद कॉल" म्हणजे किती? शेवटच्या प्रश्नावर समोरचा जरा थांबतो. त्याला थांबू द्या.

फोनसंच सगळे नवे लागतातच असं नाही. हंगामी कर्मचाऱ्यांना मोबाइलवरचं ॲप पुरतं. टेबलावर मात्र खरा फोन हवा, कारण गर्दीत ॲप शोधत बसायला वेळ नसतो. जुने चांगले संच एटीए नावाच्या छोट्या डबीने वापरता येतात. चकती फिरवायचा जुना फोन असेल तर आधी विचारा. पुष्कळ डब्यांना त्याची भाषा कळत नाही, घंटा वाजते पण नंबर लागत नाही.

## टप्पा ६: तारा, अंतर आणि एक जळालेली डबी

तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंतच जाते. फोनची जुनी तार मात्र पार फाटकापर्यंत, तळ्यावरच्या खोलीपर्यंत गेलेली असते, आणि तिथे नवा फोन कसा न्यायचा हा प्रश्न सामान आल्यावरच सुचतो. उपाय तीन आहेत: फायबर टाकायचं, दोन टोकांना वायरलेस जोड द्यायचा, किंवा एटीए कार्यालयात ठेवून फाटकापर्यंतची जुनीच तार वापरायची. तिसरा सगळ्यात स्वस्त आणि फाटकावरच्या एका फोनसाठी पुरेसा. एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून तांब्याची केबल मात्र टाकू नका. वीज कडाडली की दोन्ही टोकांची यंत्रं जाऊ शकतात.

इशारा: जुन्या तारेला एटीए जोडण्याआधी ती तार टेलिफोन कंपनीच्या बाजूने पूर्ण तोडलेली असली पाहिजे. चालू लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि घंटा वाजताना ९० व्होल्टच्या आसपास. ते डबीत उलटे शिरले की डबी गेली. मी एक घालवली आहे. मीटर लावून बघायचा कंटाळा केला, बस्स. घंटा वाजली, बारीकसा जळका वास आला आणि दिवा विझला.

फोनसंचाला वीज इथरनेटमधूनच देता आली तर उत्तम. प्रत्येक टेबलाखालचा एकेक ॲडॉप्टर वाचतो आणि यूपीएस एकाच जागी लागतो. फोनसाठी पाहुण्यांपेक्षा वेगळं जाळं ठेवा. पाहुण्यांच्या वायफायवर कार्यालयाचा फोन, हे कधीच नको.

## टप्पा ७: तात्पुरत्या नंबरावर सगळं उभं करा

नव्या कंपनीकडून एक तात्पुरता नंबर घ्या आणि संपूर्ण मांडणी त्यावर करा. जुना फोन या काळात नेहमीसारखा चालू राहतो.

कॉलचा रस्ता आधी कागदावर काढा. स्वागताचा संदेश १५ सेकंदांपेक्षा मोठा नको आणि पर्याय तीनच्या वर नकोत. नोंदणीसाठी १, आलेल्या पाहुण्यांच्या अडचणीसाठी २, आणि काहीच दाबलं नाही तर थेट माणूस. ज्यांना बटणं दाबता येत नाहीत असे ग्राहक असतातच, आणि बहुधा तेच जुने असतात.

दोन वेळापत्रकं आत्ताच बनवून ठेवा, हंगामाचं आणि बिगरहंगामाचं. बिगरहंगामाच्या संदेशात पुन्हा कधी उघडणार आणि नोंदणी कशी करायची एवढं सांगा. "आम्ही बंद आहोत" असं म्हणून फोन ठेवून देणारा संदेश पुढच्या हंगामाचा ग्राहक घालवतो.

इथे तीन बारीक गोष्टी राहतात. एक, बाहेर लावलेल्या कॉलवर कोणता नंबर दिसतो? तात्पुरता दिसत असेल तर ग्राहक तोच साठवतील. म्हणून चाचणीच्या काळात ग्राहकांना या यंत्रणेवरून फोन करू नका. दोन, ईपीएबीएक्सवर बाहेर फोन लावायला आधी ९ किंवा ० दाबायची हाताला सवय असते. नव्यात ती गरज नसेल तर पहिला आठवडा चुकीच्या नंबरांचा जाईल. सवय तोडायची की नव्यातही तोच आकडा ठेवायचा, ते ठरवा. आपत्कालीन नंबर मात्र दोन्ही प्रकारे लागला पाहिजे. तीन, काही संकेतस्थळं तुमचा नंबर पडताळायला यांत्रिक कॉल करून आकडे वाचून दाखवतात. ते आकडे तुमच्या स्वागत-संदेशालाच ऐकवले जातात आणि कॉल संपतो. अशा वेळी संदेश दहा मिनिटं बंद करायचा खटका कुठे आहे, ते माहीत करून घ्या.

## टप्पा ८: चाचणी, आणि बिघाड कुठून आला ते ओळखणं

"हॅलो, ऐकू येतंय का? हो? बरं." ही चाचणी नाही. किमान या गोष्टी करून बघा: मोबाइलवरून आत कॉल, आतून बाहेर कॉल, चालू कॉल दुसऱ्याकडे देणं, थांबवून ठेवणं, एकाच वेळी ठरलेल्या वाटांइतके कॉल, रात्रीचा संदेश, इंटरनेटची केबल उपटल्यावर मोबाइलवर वळणारा कॉल. शिवाय एक कॉल सलग ४० मिनिटं चालू ठेवा.

बिघाड झालाच तर लक्षणावरून जागा सापडते:

- एकाच बाजूचा आवाज: राउटर. सिप एएलजी खरंच बंद झालं का ते पुन्हा बघा.
- कॉल बरोबर ३२ सेकंदांच्या आसपास तुटतो: कॉल उचलल्याची पोच पलीकडे पोचत नाहीये. हाही राउटरचाच खेळ.
- सकाळी पहिला कॉल येतच नाही, आपण बाहेर एक लावला की येऊ लागतात: राउटर शांत बसलेल्या फोनची वाट विसरतो. फोनची कंपनीच्या सर्व्हरवरची पुनर्नोंदणी दर एक-दोन मिनिटांनी करायला लावा.
- दर वेळी ठरावीक १५ किंवा ३० मिनिटांनी तुटतो: सत्राची मुदत. कंपनीला हाच शब्द सांगा, लवकर समजतं.
- बँकेला फोन लावून तिच्या मेनूत आकडा दाबला तरी पलीकडे कळत नाही: आकडे आवाजातून न पाठवता वेगळे पाठवायची मांडणी करावी लागते.

"फोन नीट चालत नाही" अशी तक्रार केली तर मदत-केंद्र राउटर बंद-चालू करायला सांगेल. "३२ सेकंदांनी तुटतो" म्हणालात, तर योग्य माणूस फोनवर येईल.

चाचणी पार पडली की जुन्या नंबरावर कॉल फॉरवर्ड लावून चार-पाच दिवस खरे कॉल नव्या यंत्रणेत येऊ द्या. काही बिघडलं तर फॉरवर्ड काढलं की झालं. मात्र फॉरवर्डमधून बऱ्याचदा एका वेळी एकच कॉल जातो. त्यामुळे गर्दीची परीक्षा यात होत नाही.

## टप्पा ९: नंबर हलवणं

आता, इतकं सगळं झाल्यावर, नंबराचा अर्ज.

अर्जातलं नाव आणि पत्ता जुन्या कंपनीच्या बिलावर आहे तसाच, अक्षर न अक्षर. धंदा मुलाच्या नावावर, बिल अजून वडिलांच्या नावावर, असं निम्म्या ठिकाणी असतं. आधी जुन्या कंपनीकडे नाव दुरुस्त करून घ्या, मग अर्ज करा. अर्ज नाकारला जायचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. ताजं बिल सोबत जोडा.

एका पायलट, म्हणजे सगळ्यांना दिलेल्या मुख्य नंबरामागे हंटिंगच्या (एक व्यस्त असली की कॉल पुढचीवर जातो अशा) चार लाइन असतील तर फक्त पायलट हलवून भागतं का, बाकीचे नंबर कुठे छापलेले आहेत का, हे टप्पा एकच्या वहीत बघा. पायलट गेल्यावर मागच्या लाइन आपोआप बंद होतीलच असं नाही. त्यांचं बिल गुपचूप येत राहतं.

दिवस मागून घ्या: आठवड्याच्या सुरुवातीचा, सकाळचा. सुट्टीच्या आदल्या दिवशी नको. त्या दिवशी जुना संच तारेला लावूनच ठेवा, कारण काही तास काही कॉल इकडे आणि काही तिकडे येऊ शकतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या तीन-चार मोबाइलवरून नंबर लावून बघा. सगळीकडून नव्यात वाजला की झालं.

इशारा: जुन्या कंपनीला "बंद करा" असं या आधी कुठल्याही टप्प्यावर सांगायचं नाही. नंबर हलला की ती सेवा तिथली संपते. उरलेल्या लाइन, भाड्याचं यंत्र, जोडसेवा यांचा बंद करण्याचा अर्ज नंतर, वेगळा आणि लेखी.

तात्पुरता नंबर लगेच सोडू नका. तो कोणी ना कोणी साठवलेला असतोच. एक हंगाम असू द्या.

## टप्पा १०: कुलूप

इंटरनेटवरचा फोन म्हणजे बाहेरून दार वाजवता येणारी यंत्रणा. चोर पासवर्ड ओळखतात आणि रात्रभर परदेशातल्या महागड्या नंबरांना कॉल लावतात. बिल तुमच्या नावाने. बंद जागा, रिकामं कार्यालय, लांबलचक बिगरहंगाम, त्यांना याहून सोयीचं काय?

लागत नसतील तर परदेशी कॉल बंदच ठेवा. दिवसाच्या खर्चाला मर्यादा घालून घ्या. प्रत्येक एक्स्टेन्शनला लांब, वेगळा पासवर्ड ठेवा. आवाजी संदेशाच्या पेटीचा पिन १२३४ किंवा एक्स्टेन्शनचाच आकडा नको. हंगामी माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याच्या मोबाइलवरच्या ॲपचा प्रवेश काढा.

## टप्पा ११: माणसं

नव्या पोरांना माहितीपुस्तिका देऊ नका, कोणी वाचत नाही. फोनशेजारी चिकटवायचा एकच कागद करा: कॉल थांबवून ठेवायचं बटण, कॉल देण्याचं बटण, आणि नुसता स्वतःचा आवाज बंद करण्याचं बटण. यातली पहिली आणि तिसरी गोष्ट सगळे एकच समजतात. आवाज बंद केला तर ग्राहकाला शांतता ऐकू येते आणि तो फोन ठेवतो. थांबवून ठेवलं तर संगीत लागतं. कॉल देताना आधी पलीकडच्याशी बोलायचं, मगच जोडायचा, ही सवय पहिल्या दिवशीच लावा. प्रत्येकाकडून तीन-तीनदा करून घ्या.

## हंगाम संपल्यावर

शेवटच्या दिवशी बिगरहंगामाचं वेळापत्रक चालू करा आणि बाहेरच्या मोबाइलवरून फोन लावून ते खरंच लागलंय का ते ऐका. वाटा आणि एक्स्टेन्शन कमी करायचं पत्र करारातल्या मुदतीआधी पाठवा. नंबर मात्र स्थगित करायचा नाही. बंद इमारतीतले फोन आणि स्विच प्लगमधून काढा, बाहेरून येणाऱ्या तारा सोडवा.

संदेशपेटी कोणाच्या मेलवर जाते ते बघा. ती हंगामी व्यवस्थापकाच्या मेलवर राहिली आणि तो गेला, तर पुढच्या वर्षीच्या चौकश्या आठ महिने न उघडलेल्या पेटीत पडून राहतील.

पुढच्या हंगामाच्या महिनाभर आधी एक दिवस राखून ठेवा. फोन लावा, त्यांचं सॉफ्टवेअर अद्ययावत होऊ द्या. पहिल्यांदा चालू केल्यावर काही संच अर्धा तास स्वतःशीच खेळत बसतात, तोवर प्लग काढू नका. मग टप्पा आठची यादी पुन्हा पहिल्यापासून. यूपीएसची बॅटरी पडून-पडून उतरलेली असते, म्हणून ती पूर्ण चार्ज झाल्यावर मुख्य खटका बंद करून घड्याळ लावा आणि फोन नेमके किती वेळ चालतात ते वहीत लिहा.